इंच आणि पावले

आमच्या लहानपणी टीव्ही कोणी निवडत नसे. तो येत असे. थोरल्या मामांसारखा तो येई आणि आल्या आल्या घरातली सर्वांत चांगली जागा अडवून बसे. निवडायचे असलेच तर एवढेच, की कृष्णधवल घ्यायचा की रंगीत, आणि पेटीला सरकते शटर हवे की नको. दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले, मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पडद्यावर रंग आले ते १९८२ साली, असे इतिहास सांगतो. आमच्या आळीचा टीव्हीचा शक मात्र १९८७ पासून मोजतात, कारण त्या वर्षी 'रामायण' सुरू झाले. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओट्यावर रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडे. त्या ढिगातल्या माणसांपैकी कोणीही, हा टीव्ही किती इंची आहे, असे विचारल्याचे मला आठवत नाही.

आज टीव्ही निवडावा लागतो, आणि ते काम मुलीसाठी स्थळ पाहण्याइतके जोखमीचे झाले आहे. पेटीवर छापलेली पत्रिका मोठी भरघोस असते. फोर-के, एचडीआर, अमुक हर्ट्‌झ, तमुक जीबी. सगळे ग्रह उच्चीचे! पण पत्रिका कितीही उत्तम असली, तरी मुलगा रात्री घोरतो की नाही हे काही तिच्यात लिहिलेले नसते. टीव्हीच्या पत्रिकेतही एक गोष्ट कधी लिहिलेली नसते. ती म्हणजे, हा संच कोण पाहणार आहे आणि किती अंतरावरून.

आमचे घर साताऱ्यात, दोन खोल्यांचे. बाहेरची खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. तीत दिवसा मुलगी अभ्यास करते, संध्याकाळी आई मालिका पाहते आणि रात्री साडेदहानंतर, सारे निजले म्हणजे, मी लिहायला बसतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. पुढे हात रंगांत बुडाले ते बुडालेच. चार कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. पाचवी एका जुन्या लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर चालली होती, आणि चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तिच्या ओळी मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसू लागल्या होत्या. अशातच गेल्या पावसाळ्यात आमचा ३२ इंची टीव्ही आडव्या रेघा दाखवून निवर्तला. टीव्ही वेगळा आणि लिहिण्यासाठी पडदा वेगळा, अशी दोन खाती चालवण्याची ऐपत मास्तराच्या पगारात आणि मराठी कादंबरीच्या मानधनात नसते, हे वाचकांना सांगायला नकोच. तेव्हा असे ठरले, की संध्याकाळी टीव्ही होईल आणि रात्री माझा कागद होईल, असा एकच पडदा घ्यायचा.

राजपथावरच्या एका दुकानात गेलो. भिंतभर संच टांगलेले आणि तीस-एक पडद्यांवर एकच मोर नाचत होता. रंग असे, की खऱ्या मोराने लाजून पिसारा मिटावा. दुकानातले संच मुद्दाम भडक रीतीने लावलेले असतात. प्रकाश शेवटच्या टोकाला नेलेला, रंग गडद केलेले आणि पांढऱ्यात निळ्याची झाक. पूर्वी धोतर शुभ्र दिसावे म्हणून त्याला नीळ घालत, त्यातलाच हा प्रकार. एवढ्या लखलखाटात आपला माल उठून दिसायचा तर दुकानदाराला हे करावेच लागते. पण त्या उजेडात केलेली पारख घरच्या एका ट्यूबखाली टिकत नाही. मी रिमोट मागून घेतला आणि चित्राची रीत 'सिनेमा'वर नेली. मोर एकदम माणसांत आला.

विक्री करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला.

"सर, ५५ इंची घ्या," तो म्हणाला. "४३ आता फार कोणी मागत नाही. शिवाय कर उतरलाय."

कर उतरला होता हे खरेच. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, असा पंक्तिभेद पूर्वी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ टक्केच झाला. सरकारच्या लेखी मोठा पडदा ही चैन उरली नाही. पण तो आमच्या खोलीच्या लेखी काय आहे, हे मला पाहायचे होते.

मी त्याला विचारले, "अरे, चौकोन आखून चित्र मोठे करायला शिकवले होते, आठवते का?"

"आठवते ना सर. गणपती काढला होता."

चित्रकलेच्या तासाला आम्ही छोट्या चित्रावर पेन्सिलीने चौकोन आखतो. मोठ्या कागदावर तितकेच, पण मोठे चौकोन आखतो आणि एकेका घरातली रेषा त्या त्या घरात उतरवतो. टीव्हीचे बरेचसे शास्त्र मला या आखणीतच सापडते. पडदा म्हणजे असाच आखलेला कागद. फरक एवढाच, की त्याच्या एका घरात रेषा काढता येत नाही, एकच रंग भरता येतो. या घरांनाच पिक्सेल म्हणतात. साध्या एचडीत आडवी १२८० आणि उभी ७२० घरे असतात. फुल एचडीत आडवी १९२० आणि उभी १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजारांच्या वर. फोर-केत आडवी ३८४० आणि उभी २१६०, म्हणजे त्याच्या चौपट, सुमारे ८२ लाख ९४ हजार. पडदा मोठा घेतला म्हणून घरे वाढत नाहीत, नुसती फुगतात. ३२ इंची फुल एचडी आणि ५५ इंची फुल एचडी यांत घरे अगदी सारखीच.

आता ही घरे डोळ्यांना केव्हा वेगळी दिसतात? निरोगी नजर एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा भेद ओळखते. त्याहून जवळ असलेले दोन ठिपके तिला एकच वाटतात. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो फुल एचडी असला तर एकेक घर अर्ध्या मिलिमीटरचे. साडेपाच फुटांपलीकडून ती घरे एकमेकांत मिसळून जातात. फोर-केचे घर पाव मिलिमीटरचे. ते ओळखायला तीन फुटांच्या आत जावे लागते. आमची कॉट टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. नऊ फुटांवरून ४३ इंची फुल एचडी काय आणि फोर-के काय, चित्राचा बारकावा सारखाच. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे म्हणजे अंगणातल्या रांगोळीचे ठिपके गच्चीवरून मोजायचे.

"मग सर, ६५ इंची घ्या," विद्यार्थी हसून म्हणाला. दुकानदारीच्या विषयात तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला होता.

मोठ्या पडद्याचा विचार माझ्याही मनात होता. त्याचे कारण मात्र मी त्याला दुकानात सांगितले नाही. ते कारण आई होती.

आई ७६ वर्षांची आहे. गेली दोन वर्षे ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कॉटवर बसत होती, चष्मा पदराने पुसून लावत होती आणि मालिकांतल्या सासवांना नावेही ठेवत होती. एके दिवशी तिने माझ्या मुलीला हळूच विचारले, "अगं, ही आता रडते आहे का हसते आहे?" त्या वेळी पडदाभर त्या बाईचा चेहराच दाखवत होते. मुलीने मला ते आत येऊन सांगितले. आई टीव्ही पाहत नव्हती, ऐकत होती. आणि आम्हाला ते कळू नये याची तिने मोठ्या हुशारीने व्यवस्था ठेवली होती.

डॉक्टरांनी सांगितले, की दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची, मॅक्युलाची, वयामुळे झीज झाली आहे. कोरडा प्रकार आहे. गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी आईपुढे एक कागद धरला. त्यावर बारीक चौकोन आखलेले होते आणि मधोमध एक काळा ठिपका होता. त्याला आम्सलरचा तक्ता म्हणतात. एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि रेषा कशा दिसतात ते सांगायचे. मी जन्मभर मुलांकडून चौकोन आखून घेत आलो. माझ्यासमोर आई म्हणाली, "मधली घरं कोणीतरी पुसली आहेत. आणि त्यांच्या भोवतीच्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलतात."

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. कडेची नजर शाबूत आहे, तेव्हा एखाद्याचा चेहरा पाहायचा तर चेहऱ्यावर नजर न रोखता जरा बाजूला, कानाकडे किंवा कपाळाच्या वर पाहायची सवय करावी. दुसरे असे, की वस्तू जितकी मोठी दिसेल तितके चांगले. टीव्ही खुशाल जवळून पाहू द्या, त्याने डोळे आणखी बिघडत नाहीत. हे ऐकून आई हसली. लहानपणी "लांब बसा, डोळे जातील!" असे ओरडून तिने आम्हा भावंडांना टीव्हीपुढून किती वेळा मागे ओढले असेल!

डॉक्टरांच्या त्या सांगण्याचा अर्थ मला चित्रकाराच्या रीतीने कळला. आईच्या नजरेतला पुसलेला भाग ठरावीक मापाचा आहे. समोरचा चेहरा लहान दिसत असेल तर तो सबंध त्यात बुडतो. मोठा दिसत असेल तर भुवई तरी वर राहते, हनुवटी तरी खाली उरते, आणि तेवढ्यावरून माणूस रडतो आहे की हसतो आहे हे समजू शकते. तेव्हा तिच्यापुरता चेहरा मोठा करणे, एवढाच प्रश्न होता. तो इंचांनी करायचा की आणखी कशाने?

दुकानाच्या फरशीवर मी ४३ इंची संचापासून मोजून पावले टाकली. नऊ फुटांवर उभा राहिलो, मग सहा फुटांवर आलो, मग तीन. अंतर निम्मे केले की चित्र दुप्पट दिसते, एक तृतीयांश केले की तिप्पट. तीन फुटांवरचा ४३ इंची पडदा हा नऊ फुटांवरच्या १२९ इंची पडद्याएवढा भरतो. १२९ इंची टीव्ही आमच्या दारातून आत येणार नाही, आणि आलाच तर आम्हाला बाहेर राहावे लागेल. ५५ इंची घेऊन भिंतीवर टांगला असता, तर आईच्या दृष्टीने चेहरा सव्वापट झाला असता. पावले कमी केली तर तिप्पट होत होता, आणि त्याला कर पडत नव्हता.

आईचे गुडघे दुखतात. तिला कॉटवरून पुढच्या खुर्चीत रोज हलवणे शक्य नाही. म्हणजे टीव्हीलाच तिच्याकडे जायला हवे होते. मी भिंतीवरच्या खुंट्यांऐवजी चाकांचा उभा स्टँड मागितला.

"सर, तो ऑफिसवाले घेतात," विद्यार्थी म्हणाला.

"आमच्या घरीही रात्री साडेदहाला एक ऑफिस उघडते," मी म्हटले.

संच तीन फुटांवर येणार म्हटल्यावर सगळा हिशेब फिरला. नऊ फुटांवरून निरुपयोगी ठरलेली फोर-केची बारीक घरे आता माझ्या उपयोगाची झाली. ४३ इंची फोर-के पडदा म्हणजे साडेएकवीस इंची फुल एचडीचे चार पडदे एकाला एक जोडलेले. एका बाजूला चालू प्रकरण, दुसऱ्या बाजूला मागचे, असे दोन्ही समोर ठेवून लिहिता येते. आणि आपल्या देवनागरीला ही बारीक घरे हवीच असतात. तिला वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये 'राष्ट्र'मधल्यासारखी तीन मजली जोडाक्षरे. 'भ' आणि 'म' यांत फरक तो काय, एका गाठीचा आणि शिरोरेघेतल्या फटीचा. 'ध' आणि 'घ' यांचेही तेच. पडद्यावर ती गाठ विरली, तर कादंबरीतली एखादी सासुरवाशीण विहिरीवर पाणी भरायला गेली आहे की मरायला, हे मुद्रिते तपासणाऱ्याला कळायचे नाही.

म्हणून मी लॅपटॉप पिशवीत घालूनच नेला होता. टीव्हीवर अक्षरे कशी दिसतात हे मोरावरून कळत नाही. मी एका पानावर जोडाक्षरे लिहून ठेवली होती आणि एका पानावर निळ्या रंगावर लाल अक्षरे. ही लाल-निळी परीक्षा कोणीही करून पाहावी. आपला डोळा उजेडातला फरक बारीक ओळखतो, रंगातला जरा ढोबळ. त्यामुळे टीव्हीसाठी चित्र पाठवताना रंगाची माहिती काटकसरीने पाठवण्याची पद्धत आहे. सिनेमात ती काटकसर दिसत नाही, अक्षरांत दिसते. पहिल्या संचावर माझ्या लाल अक्षरांच्या कडा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या फुटल्या. दुसऱ्यावरही प्रथम तसेच झाले. पण सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीला 'पीसी' ठरवल्याबरोबर अक्षरे टाकाने काढल्यासारखी कोरीव झाली. सगळ्याच संचांत ही सोय नसते, म्हणून दुकानातच पाहून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी तिथेच पाहिल्या. माउसचा बाण पडद्यावर फिरवला तर तो हाताबरोबर चालतो की मागून फरफटत येतो? जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. २०१३ साली आलेल्या २.० पासून ते ६० वेळा बदलू लागले. लॅपटॉप, वायर आणि टीव्ही या तिघांचीही तेवढी तयारी लागते. एक जरी मागे पडला तरी दिंडी त्याच्याच चालीने चालते. दुसरे म्हणजे पानाच्या चारी कडा पडद्यावर पूर्ण दिसतात का? चित्रनळीच्या काळात चित्राची कड सरळ येत नसे, म्हणून ती चौकटीआड लपवत. नळी गेली, पण लपवण्याची खोड काही संचांत राहिली, आणि तिच्यापायी संगणकाची खालची पट्टीच गायब होते. 'स्क्रीन फिट' किंवा तशाच नावाची सोय असली म्हणजे ती खोड मोडता येते.

ओएलईडी संचापुढेही मी थोडा वेळ उभा राहिलो. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखरच काळा, अमावास्येसारखा. चित्रकाराला मोह पडावा असेच ते. पण एकच पान रोज तासन्‌तास स्थिर ठेवले, तर त्याची खूण पडद्यावर उमटून राहण्याचा धोका त्यात असतो. आणि कादंबरीचे पान माझ्याकडे कधी कधी रात्र रात्र हलत नाही! किंमत तर विचारूच नये. मी साधा एलईडी घेतला. त्यातही बाजूने पाहिल्यावर रंग न उडणारा निवडला, कारण आई समोर बसली की सौभाग्यवतींना आणि मुलीला कडेलाच बसावे लागणार.

संच घरी आला. शार्पनेस कमी केला, कारण मुले चित्राला उगीच जाड किनार काढतात तशी ती सोय अक्षरांना पांढरी किनार काढते. एका रविवारी आईसाठी 'श्यामची आई' लावला. १९५३ सालचा चित्रपट, त्या काळच्या रीतीने जवळजवळ चौरस. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले. मुलीने चित्र ताणून पडदा भरून टाकला. तेव्हा आई आपण होऊन म्हणाली, "ही सगळी माणसं सुजल्यासारखी का झाली?" चित्र पुन्हा चौरस केले. तिला चेहऱ्यांची प्रमाणे दिसू लागली आहेत, हे मला त्या एका तक्रारीवरून कळले. एखाद्या तक्रारीने इतका आनंद क्वचितच दिला असेल.

पण या संचाचा खरा उपयोग आम्ही दुकानात मोजलाच नव्हता. महिन्याभरापूर्वी रात्री मी लिहीत होतो. आईला झोप लागत नव्हती. ती म्हणाली, "काय लिहितोस रे एवढं?" माझ्या पहिल्या चारही कादंबऱ्या तिने वाचल्या होत्या. ही पाचवी तिला वाचता येणार नाही, हे आम्ही दोघेही जाणून होतो आणि त्याविषयी बोलत नव्हतो. मी स्टँड ढकलत तिच्या कॉटजवळ नेला. पान काळे केले, अक्षरे पांढरी केली आणि मोठी करत गेलो. बोटभर झाली, दोन बोटे झाली, चार बोटे झाली. एका ओळीत तीनच शब्द मावू लागले. आईने शब्दांच्या जरा वर, जिथे काहीच लिहिलेले नव्हते तिथे नजर ठेवली आणि ओठ हलवू लागली.

अर्धे पान वाचायला तिला वीस मिनिटे लागली. मधे ती थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग माझ्याकडे वळून, म्हणजे माझ्या कानाकडे पाहत, तिने विचारले, "ही विहिरीवर पाणी भरायलाच जाते ना रे?"

"हो, भरायलाच."

"मग पुढचं दाखव."

पुढचे पान अजून लिहायचे होते. ते मी त्याच रात्री लिहिले.